आधी गाव सांगा

निवृत्त होण्याच्या आठवड्यात लॅबमध्ये नव्याने लागलेला मुलगा माझ्यापाशी आला. म्हणाला, ‘मॅडम, सगळ्या स्टाफची आणि विद्यार्थ्यांची माहिती एका सर्व्हरवर ठेवू. कुठूनही विचारा, उत्तर मिळेल. दोन दिवसांचं काम आहे.’

काम खरंच दोन दिवसांचं आहे. मी ते १९९७ साली एका दुपारी उरकलं होतं आणि पुढे पंचवीस वर्षं निस्तरत बसले.

मी उज्जैनची. आमचं घराणं शिंद्यांच्या पदरी माळव्यात आलं. दौलतरावांनी १८१० साली राजधानी ग्वाल्हेरला हलवली, तेव्हा आमच्या कुणा पूर्वजाने सामान बांधायचा कंटाळा केला असावा, कारण आम्ही इथेच राहिलो. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर माळवी आणि हिंदी. नोकरी इथल्याच एका कॉलेजात, कॉम्प्युटर लॅब सांभाळायची. त्या मुलाला फ्रीगंजमधल्या पोह्यांच्या गाडीवर उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवट राहिलं, म्हणून लिहून काढते. आकडे घातलेत ते फक्त सोयीसाठी. त्यात क्रम शोधू नये.

१. ही सेवा कोणी सुरू केली, ते आधी शोधा

आमच्याकडे ती कोणीच सुरू केली नव्हती. मासिकासोबत आलेल्या सीडीवरून लिनक्स चढवलं, त्याबरोबर ती आली आणि चालूच होती. नाव ‘फिंगर’. दुसऱ्या मशीनवरून ७९ नंबरच्या पोर्टवर एक ओळ पाठवायची, ज्याची चौकशी करायची त्याचं लॉगिन नाव. उलट उत्तर येतं: पूर्ण नाव, खोली, फोन, आता बसलाय का, कोणत्या टर्मिनलवर, किती मिनिटं कीबोर्डला हात लावलेला नाही, मेल शेवटची कधी वाचली.

ही कल्पना १९७१ सालची. स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत कोण कोण कामावर आहे याची यादी पडद्यावर यायची, पण त्यात नुसती आद्याक्षरं आणि टर्मिनलचे नंबर. लोक त्या यादीवर बोट फिरवत आपला माणूस हुडकत. लेस अर्नेस्ट यांनी ते पाहिलं आणि माणसांची नावं नीट दाखवणारा प्रोग्राम लिहिला. बोटावरून त्याचं नाव फिंगर पडलं. एका इमारतीतली, एकमेकांना ओळखणारी माणसं. त्यांच्यात लपवायचं काय होतं? आमच्या कॉलेजात प्राध्यापक, हॉस्टेलची मुलं, गावातून येणाऱ्या मुली, ऑफिसचे बाबू आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शिकायला येणारे बाहेरचे, सगळे एकाच तारेवर. तोच प्रोग्राम, तीच उत्तरं. मराठीत बोट दाखवणं म्हणजे काय, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.

आठ महिने मला ती चालू असल्याचं माहीतही नव्हतं. मग एक दिवस कळलं.

२. रिकाम्या प्रश्नाला उत्तर देऊ नका. (तेवढ्याने भागत नाही, पण सुरुवात तिथून करा)

फिंगरला नाव न देता नुसतं मशीनचं नाव दिलं, तर त्या क्षणी बसलेल्या सगळ्यांची यादी येते. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी माझ्या खोलीत येऊन दाराशीच उभी राहिली. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, ‘मॅडम, मी लॅबमध्ये बसले की पाच मिनिटांत तो येतो. रोज. मी वेळ बदलली तरी येतो.’

‘तो’ शेजारच्या इमारतीतल्या विभागातला. तिथल्या मशीनवरून तो दर दोन मिनिटांनी रिकामा प्रश्न टाकायचा, तिचं नाव उमटलं की उठून यायचा. कोणत्या टर्मिनलवर, हेही यादीत होतंच. शेजारची खुर्ची धरता यायची. मला आधी वाटलं त्याने काहीतरी फोडलंय. त्याने काहीही फोडलं नव्हतं. त्याने विचारलं आणि माझ्या मशीनने सांगितलं.

फिंगरच्या सेवेला एक पर्याय असतो, रिकामा प्रश्न नाकारण्याचा. तो मी त्याच संध्याकाळी लावला आणि निर्धास्त घरी गेले. चौथ्या दिवशी मुलगी परत दाराशी. अर्थात! त्याला तिचं नाव ठाऊक होतं. आता तो यादी मागत नव्हता, तिचीच चौकशी करत होता. मुलाचा बंदोबस्त कॉलेजने केला, तो भाग इथे नको. पण माझं मशीन कोणाच्या बाजूने काम करत होतं, हा प्रश्न डोक्यातून जाईना.

त्याच वर्षी पितृपक्षात वाईहून मामा आले. सिद्धवटावर श्राद्ध करायचं होतं आणि जमल्यास आपल्या घराण्याची नोंद पाहायची होती. उज्जैनच्या तीर्थपुरोहितांकडे यजमानांच्या वह्या असतात हे सर्वांना माहीत आहे. गावोगावचे लोक येऊन गेले की नावं, नाती, येण्याचं कारण असं पिढ्यान् पिढ्या त्यात चढत जातं. म्हटलं तर ही फिंगरचीच सेवा, काही शतकं आधीची, आणि माणूस येऊन विचारेल तेव्हाच चालणारी.

मामांनी पंडाजींना नमस्कार केला आणि आपलं नाव सांगून वहीकडे हात केला. पंडाजींनी वहीला हातही लावला नाही. ‘पहले गाँव बोलो.’ गाव सांगितलं. मग आडनाव. मग आजोबांचं नाव. मग आजोबांचे भाऊ किती. मामा एकाचं नाव विसरले, तेव्हा थांबून वाट पाहिली. एवढं झाल्यावर लाल फडक्यातून ती लांबोडकी वही निघाली. एकच पान उघडलं. पणजोबांची सही मोडीत होती, शाई तपकिरी झालेली. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते वाईचे असल्यामुळे पाणी असतानाच त्यांनी समोरच्या पानावर नजर टाकली आणि आडनाव ओळखीचं दिसल्यावर वाकून वाचू लागले. पंडाजींनी त्या पानावर पालथा हात ठेवला. ‘वो आपका नहीं.’ रागाने नाही, पोरांना ताटाबाहेरचं उचलू देत नाहीत तसं.

मी घाटाच्या पायरीवर बसून ते पाहत होते. माझं मशीन उत्तर देण्यात त्यांच्याहून वेगवान होतं, पण समोर कोण आहे हे ते कधीच विचारत नव्हतं. फिंगरच्या भाषेत तो प्रश्नच नाही. डिसेंबर १९९१मध्ये त्या भाषेचे नियम नव्याने लिहिले गेले, आरएफसी १२८८. तोवर लोक पोळले होते, त्यामुळे त्यात सुरक्षेवर बरंच लिहिलंय. काय दाखवायचं ते मशीन चालवणाऱ्याने ठरवावं असंही म्हटलंय. पण विचारणाऱ्याने आपली ओळख कशी पटवायची, त्याची सोय नाहीच. जाता जाता सांगते, त्याच कागदात कोल्ड्रिंकच्या मशीनला कोणी फिंगर केलं तर त्या मशीनने काय उत्तर द्यावं हेही लिहिलंय: शिल्लक मालाची यादी. मला तेव्हा हसू आलं होतं. पुढे त्याचाच उपयोग झाला, तो शेवटी सांगते.

३. घड्याळ

सर्व्हरच्या मदरबोर्डवरची बॅटरी गेली आणि वीज जाऊन आल्यावर मशीनची तारीख १ जानेवारी १९८० झाली. दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. फिंगरने मात्र इमानेइतबारे सांगितलं की तृतीय वर्षाच्या एका मुलीने १९८० साली लॉगिन केलं. त्या वेळी ती पाळण्यात होती. ज्या गावाच्या रेखावृत्तावरून जुन्या ज्योतिषांनी सगळ्या देशाचं गणित मांडलं, जिथल्या जंतरमंतरच्या सावलीवरून आजही वेळ सांगतात, तिथली ही गत. (जंतरमंतरची वेळ आपल्या घड्याळाच्या सरासरी २७ मिनिटं मागे असते, कारण भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आम्ही त्याच्या बरेच पश्चिमेला. ते चूक नाही, तो हिशेब आहे.)

‘शेवटचं कधी दिसला’ हे सांगणाऱ्या सेवेचं घड्याळ रोज तपासा. त्यावरून लोक एकमेकांशी भांडतात. व्हॉट्सॲपचं ‘लास्ट सीन’ आल्यावर ही भांडणं घरोघरी पोचली. आम्ही ती लॅबमध्ये आधीच भोगली होती.

४. माणसाला स्वतःबद्दल लिहायला जागा द्या, आणि ती जुनी होते हे धरून चाला

फिंगरच्या उत्तराच्या शेवटी त्या माणसाने स्वतः लिहिलेला मजकूर यायचा. घरच्या फोल्डरमध्ये ‘डॉट प्लॅन’ नावाची फाइल करायची, तिच्यात लिहाल ते जगाला दिसेल. फाइल नसेल तर मशीन कोरडेपणाने सांगायचं, ‘नो प्लॅन’. मूळ हेतू साधा: रजेवर असाल तर कधी येणार ते लिहून ठेवा. पण जागा मिळाली की माणूस लिहितो. नव्वदच्या दशकात क्वेक हा खेळ लिहिणारा जॉन कारमॅक आपल्या प्लॅनमध्ये रोजचं काम नोंदवायचा आणि जगभरची पोरं ते फिंगर करून वाचायची. आमच्याकडे वर्गात तोंड न उघडणारी मुलं तिथे शायरी लिहायची. टर्मिनलवर देवनागरी नव्हती, त्यामुळे सगळी शायरी रोमन अक्षरांत. ‘दर्द’ आणि ‘डर्ड’ एकच दिसायचं.

या सेवेतला मला आवडलेला भाग हाच. बाकीची माहिती आम्ही भरलेली, ही ज्याची त्याने. पंडाजींनीही शेवटी मामांच्या हाती पेन दिलं होतं: घरात कोण गेलं, कोण जन्मलं, तुम्हीच लिहा, खाली सही करा.

पण एका मुलाच्या प्लॅनमध्ये ‘सहा महिन्यांत परत येतो, तोवर मेल करा’ असं होतं. तो पास होऊन पुण्याला नोकरीला लागला, लग्न झालं, आणि आमचं मशीन पाच वर्षं सांगत राहिलं की सहा महिन्यांत येतो. वही चालवणाऱ्याने वर्षातून एकदा प्रत्येकाला विचारावं: हे अजून खरं आहे का? मी ते पहिली सात वर्षं केलं नाही.

५. उत्तर देणाऱ्याच्या हाती किल्ल्यांचा जुडगा नको

१९९९च्या पावसाळ्यात एक हुशार, किडकिडीत पोरगा म्हणाला, ‘मॅडम, मला फिंगर करा ना.’ केलं. नाव आलं, खोली आली, आणि शायरीच्या जागी कॉलेजातल्या प्रत्येकाच्या पासवर्डची, सांकेतिक रूपातली का होईना, रांगच्या रांग पडद्यावरून सरकू लागली. माझे हातपाय गार पडले. पोरगा हसत होता, पण जरा घाबरूनच.

त्याने केलं होतं एवढंच: ‘डॉट प्लॅन’ ही फाइल लिहिण्याऐवजी तिथे एक दुवा ठेवला, जो पासवर्डच्या गुप्त फाइलकडे बोट दाखवत होता. ती फाइल वाचायची परवानगी त्याला नव्हती. माझ्या फिंगरला होती, कारण तो प्रोग्राम ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी म्हणून चालत होता. सेटिंगच्या फाइलमधल्या एका ओळीत एक शब्द: रूट. तो खोडून ‘नोबडी’ लिहिला. हा ज्याला कसलाच अधिकार नाही असा नावापुरता वापरकर्ता. काम झालं, मात्र आता मुलांच्या प्लॅन फाइली दिसण्यासाठी त्यांना आपल्या फोल्डरचं दार किलकिलं ठेवावं लागलं. ज्यांना दिसायचं त्यांनी दार उघडावं, हे मला रास्तच वाटलं.

मी घाबरले होते त्याला कारण होतं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातला रॉबर्ट मॉरिस नावाचा विद्यार्थी एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडून बसला. तो प्रोग्राम किड्यासारखा मशीनमागून मशीन व्यापत गेला, आणि शिरण्याची त्याची एक वाट फिंगरच होती. फिंगरने येणाऱ्या प्रश्नासाठी ५१२ अक्षरांची जागा राखलेली, पण प्रश्न किती लांब आहे हे न मोजता ती भरायची सवय. मॉरिसच्या किड्याने ५३६ अक्षरांचा ‘प्रश्न’ पाठवला. वरची चोवीस अक्षरं जिथे सांडली तिथून मशीनचा ताबा गेला. मॉरिसला तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. आमच्या किडकिडीत पोराला मी शिक्षा म्हणून लॅबचा मदतनीस केलं. दोन वर्षं त्याने माझी इतकी भोकं बुजवली की मोजली नाहीत.

६. अख्खी वही उचलून देणाऱ्या सेवेपासून दूर राहा

मशीनं वाढली तेव्हा सगळ्यांची खाती एकाच जागी ठेवण्यासाठी सन कंपनीची एनआयएस नावाची पद्धत आम्ही आणली. तिचं मूळ नाव यलो पेजेस. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचं नोंदवलेलं चिन्ह निघाल्यामुळे बदलावं लागलं, पण आज्ञा अजून ‘वायपी’नेच सुरू होतात. तारेवरच्या कुठल्याही मशीनला त्या गटाचं नाव ठाऊक असलं की एका आज्ञेत सगळ्यांच्या पासवर्डचा तक्ता मिळायचा. वर्षभरात काढून टाकली. नंतर आलेली एलडॅप बरी, पण तिलाही बसवल्या बसवल्या अनोळखी माणूस होऊन विचारून पाहा: पासवर्ड न देता ती काय काय सांगते? माझ्या पहिल्या एलडॅपने सगळ्यांचे जन्मदिनांक सांगितले.

७. ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामाला लावा

ही चूक मोठी आणि संपूर्ण माझी.

गावातल्या मराठी मंडळींचं एक मंडळ दर काही वर्षांनी परिवार पुस्तिका छापायचं. कुटुंबप्रमुख, पत्ता, फोन, घरातली माणसं, शिक्षण, रक्तगट, आणि मागच्या पानांवर उपवर मुलं-मुली. पुस्तिका प्रत्येक घरी फोनजवळ पडलेली असायची. रात्री दोन वाजता रक्त लागलं म्हणून तिच्यातून माणूस शोधलेला मी पाहिलाय, त्यामुळे पुस्तिकेला नावं ठेवणार नाही.

माझी ख्याती कॉम्प्युटरवाल्या ताई अशी. मंडळाच्या काकांनी म्हटलं, ‘हे इंटरनेटवर टाका की. बाहेरगावी गेलेल्या मुलांनाही बघता येईल.’ मी टाकलं. एका रविवारी. शोधायला एक चौकट केली: आडनाव लिहा, घर मिळेल. आणि आडनाव न लिहिता बटण दाबलं तर? सगळी घरं. होय, तीच ती चूक, जी १९९८ साली मी केली, सुधारली आणि तरुणांना शिकवत फिरले. माझ्या स्वतःच्या हातून, नव्या कपड्यांत, परत.

दोन महिन्यांनी एका वधूपित्याचा फोन आला. कुठल्याशा दूरच्या शहरातून त्यांच्या मुलीला रोज फोन येत होते, स्थळं सुचवणारे, पैसे मागणारे, नुसतेच बोलणारे. कोणीतरी यादी उचलून नेली होती. त्याच आठवड्यात सिंहपुरीतल्या एका काकूंनी मला घरी बोलावलं, लाडू दिला आणि हळूच म्हणाल्या, ‘आम्ही दोघंच असतो, मुलगा अमेरिकेत, हे तिथे लिहिलंय ना गं? कोणी वाचलं तर?’ काही घडलं नव्हतं, घडलंही नाही. पण त्यांना रात्री झोप लागत नव्हती आणि त्याला कारण मी.

पुस्तिकेतही हेच छापलेलं होतं. मग फरक काय? पुस्तिका चाळायला कोणाच्या तरी घरात जावं लागतं, चहा घ्यावा लागतो, कोणाची चौकशी करताय हे त्या घराला दिसतं. पंडाजींचा पालथा हात तिथे न दिसता असतो. शिवाय मी मंडळाचे जुने फॉर्म काढून पाहिले तर वर स्पष्ट छापलं होतं: ‘परिवार पुस्तिकेसाठी माहिती’. लोकांनी पुस्तिकेसाठी दिलं, मी खिडकीत मांडलं. २०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्या कामासाठी संमती दिली तेवढ्याच कामाला माहिती वापरा, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. मला तो कायदा वाचताना काकूंचा लाडू आठवला.

साइट उतरवली. नंतर जी केली तिच्यात फक्त नाव आणि गाव. निरोप लिहायचा, तो मंडळाकडून त्या घरी पोचतो, त्यांना वाटलं तर ते उत्तर देतात. रक्तगटासाठी वेगळी वही, ती एका डॉक्टर ताईंकडे. काका अजून म्हणतात, आधीचं सोयीचं होतं. होतंच.

८. ‘सांगत नाही’ आणि ‘असं कोणी नाही’ यांत फरक असतो

फिंगरमध्ये एक गंमत आहे. आपल्या फोल्डरमध्ये ‘डॉट नोफिंगर’ नावाची रिकामी फाइल ठेवली की बाहेरून विचारणाऱ्याला मशीन ठामपणे सांगतं, या नावाचं कोणी इथे नाहीच. दुसऱ्या कलमातल्या मुलीला हीच फाइल करून दिली. ‘ती माहिती देत नाही’ असं सांगितलं असतं तर ती आहे हे कळलंच असतं. फक्त एक अट: ती फाइल फिंगरला दिसली पाहिजे, म्हणून फोल्डरचं दार किलकिलं लागतंच. लपायलासुद्धा थोडं उघडं राहावं लागतं, यावर ती मुलगी हसली. बऱ्याच दिवसांनी.

याचीच दुसरी बाजू मला २०१६च्या सिंहस्थात कळली. २२ एप्रिल ते २१ मे, महिनाभर गाव माणसांनी फुगलेलं. मी एका मदत केंद्रावर हरवलेल्यांच्या नोंदी करायला बसायचे. एका तरुण स्वयंसेवकाने सापडलेल्या लहान मुलीची घोषणा केली: नाव, वडिलांचं नाव, गाव, लाल फ्रॉक, गळ्यात चांदीचा ताईत. सगळं. म्हाताऱ्या स्वयंसेवकाने माइक काढून घेतला. पुढच्या घोषणेत फक्त मुलीचं नाव आणि केंद्राचा नंबर. त्या तरुणाला तो म्हणाला, एक खूण पोटात ठेवायची. न्यायला येईल त्याला ती आपण विचारायची, सांगायची नाही. थोड्या वेळाने रडत आलेल्या आईला त्याने पहिला प्रश्न केला, ‘गले में क्या है?’

मी अठरा-एकोणीस वर्षं सर्व्हर चालवून पासवर्ड विसरलेल्यांना फोनवर त्यांचीच जन्मतारीख वाचून दाखवत होते, ‘हीच ना?’ म्हणून.

९. बंद करण्याआधी, ती कोण वापरतंय ते शोधा

हे घडलं बरंच आधी, २००३च्या डिसेंबरात, पण सांगायचं शेवटीच होतं.

फिंगरची कटकट नको म्हणून मी एका शुक्रवारी ती ओळच काढून टाकली. नोटीस लावली, प्राध्यापकांना मेल केली, कोणी चकार शब्द काढला नाही. वाटलं, कोणाला नकोच होती.

शनिवारी रात्री साडेदहाला घरचा फोन वाजला. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा लॅबमध्ये कीबोर्डवर डोकं ठेवून झोपला होता आणि बाहेरून कुलूप लागलं होतं. खिडकीतून ओरडून ओरडून त्याने रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला थांबवलं.

चौकीदार भैया माझ्यासमोर उभा राहिला तो अपराधी चेहऱ्याने, पण जरा रुसूनही. खालच्या ऑफिसात एक जुनं टर्मिनल होतं. कोण्या बाबूने कधीतरी त्याला एक आज्ञा कागदावर लिहून दिली होती. तीन वर्षं तो रोज रात्री आठ वाजता ती टाइप करायचा. यादी रिकामी आली की कुलूप. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ओळी आहेत की नाहीत एवढंच तो बघायचा. रिकामा प्रश्न मी कधीच नाकारायला लावला होता, पण ऑफिसच्या मशीनपुरती सूट तशीच राहून गेली होती, हे मलाही त्या रात्री कळलं. माझ्या नोटिसीनंतर उत्तर आलं ते एक एरर. एकच ओळ. ती यंत्राची काही कुरकुर असेल असं समजून त्याने कुलूप लावलं.

कोल्ड्रिंकचं मशीन तेव्हा आठवलं. ७९ नंबरच्या पोर्टवर फिंगरच बसवलं पाहिजे असं नाही. तिथे मी चार ओळींची एक स्क्रिप्ट बसवली. ती विचारणाऱ्याचं ऐकूनच घेत नाही, काहीही विचारा. नावं नाहीत, टर्मिनल नाही, वेळ नाही. लॅबमध्ये किती जण बसलेत, तेवढा एक आकडा देते आणि फोन ठेवते. विचारायची परवानगी फक्त खालच्या त्या एका मशीनला.

भैया ती बरीच वर्षं वापरत राहिला. आठ वाजता आकडा बघायचा, शून्य आला की किल्ल्या घेऊन जिना चढायचा. आणि त्या डिसेंबरनंतर, शून्य आला तरी, कुलूप लावण्याआधी दार उघडून अंधारात एकदा हाक मारायचा, ‘कोई है क्या भाई?’